साखर, गूळ, मध काहीही न घालता भाजलेला फळांचा गोड पदार्थ (अण्णांच्या पंच्याहत्तरीसाठी)

वेलदोडा | २७ ऑक्टोबर, रात्री ९:४०

नमस्कार मंडळी. १६ नोव्हेंबरला आमच्या अण्णांना पंच्याहत्तर पूर्ण होतात. अकरा वर्षांपूर्वी त्यांना मधुमेह निघाला. तेव्हापासून घरात कुणाचाही वाढदिवस असला की केक कापून होईपर्यंत ते टाळ्या वाजवत उभे राहतात आणि मग गच्चीवर निघून जातात. त्यांच्यासमोर खाताना कुणाला अवघडल्यासारखं होऊ नये म्हणून जातात, हे मला मागच्या वर्षी आईकडून कळलं. ते ऐकल्यापासून माझ्या मनातून जात नाही.

मागच्या वर्षी मी एका दुकानातून 'शुगर फ्री' केक आणला होता. अण्णांनी दोन तुकडे खाल्ले. दुसऱ्या दिवशी उपाशीपोटी साखर नेहमीपेक्षा कितीतरी वर. दुकानात जाऊन विचारलं तर म्हणाले, साखर नाहीच घातली, मध घातलाय. तेव्हाच ठरवलं की पुढचा मीच करणार.

माझ्या अटी अशा. साखर नाही, गूळ नाही, मध नाही, काकवी नाही. गोडीच्या गोळ्या-पावडरीही नकोत, अण्णांना त्यांची मागून येणारी कडवट चव सहन होत नाही. अण्णा माळकरी आहेत, म्हणजे अंडंही नाही. गोडी यायची ती फक्त फळातून. आणि तो भाजलेला हवा, घरभर वास सुटला पाहिजे. घरी २८ लिटरचा ओटीजी (विजेचा छोटा ओव्हन) आहे, वजनकाटा आहे.

काल पहिला प्रयत्न केला, सफरचंदाचं क्रम्बल. चार सफरचंदं चिरून तळाशी, त्यावर दालचिनी आणि एका लिंबाचा रस. वर ओट्स, कणीक आणि लोणी चोळून पसरलं. १८० अंशांवर ४० मिनिटं. बाहेर काढलं तर खाली पाणी, वर पांढरट पीठ, आणि चव आंबट. साखर काढली तर फक्त गोडी कमी व्हायला हवी ना? बाकी सगळं का बिघडलं?

जवारी | २७ ऑक्टोबर, रात्री १०:०५

ताई, येवढा विचार कशाला करतासा? गूळ घाला की. आमच्या आजोबास्नी साखर होती, त्यास्नी आम्ही गुळाचाच चहा द्यायचो. आपल्या कोल्हापुरी गुळाला २०१४ साली भौगोलिक मानांकन मिळालंय. औषधी असतोय तो.

ओव्हनवाला | २७ ऑक्टोबर, रात्री ११:२०

वेलदोडाताई, मी गेली बारा वर्षं घरी बेकिंग करतोय, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

भाजलेल्या पदार्थात साखर चार-पाच कामं करते आणि गोडी हे त्यातलं एकच. दुसरं काम रंगाचं. वरचा तांबूस थर आणि तो खमंग वास साखर तापून येतो, काही अंशी साखर आणि प्रथिनं एकमेकांत तापून येतो. तिसरं म्हणजे साखर पाणी धरून ठेवते. सफरचंदावर साखर भुरभुरली की रस सुटतो, त्यात ती विरघळते, आटत आटत त्याचा दाटसर पाक होतो आणि फोडींना लपेटून बसतो. तुमच्याकडे रस सुटला, पण त्याला दाट करणारं काही नव्हतं. तो पाण्यासारखाच राहिला. चौथं, वरच्या थरात साखर लोण्याबरोबर वितळते आणि गार होताना कडक होते. कुरकुरीतपणा तिथून येतो. ती नसेल तर पीठ आणि लोणी भाजलं जातं, पण कुरकुरत नाही.

म्हणजे नेहमीच्या कृतीतून साखर वजा करून चालायचं नाही. तिची ही कामं दुसऱ्या कुणावर तरी सोपवावी लागतील. आणि लिंबू तर सोडाच. साखर असते तेव्हा लिंबाने चव खुलते, ती नसली की नुसता आंबटपणा पुढे येतो. सफरचंद कोणतं वापरलंत?

वेलदोडा | २८ ऑक्टोबर, सकाळी ७:१५

हिरवं, आंबट. इंटरनेटवर बहुतेक ठिकाणी तेच घ्यायला सांगतात.

ओव्हनवाला | २८ ऑक्टोबर, सकाळी ७:३०

ते वाटीभर साखर घालणाऱ्यांसाठी. तुम्ही लाल किंवा पिवळं, पिकलेलं, हातात घेतल्यावर वास येणारं घ्या. सध्या काश्मीरचा माल बाजारात भरपूर आहे.

ढेप | २८ ऑक्टोबर, दुपारी १:१०

जवारीदादा, तुमच्याशी गुळावर मीच बोलते, कारण आमचं घर गुऱ्हाळाचं, पन्हाळ्याच्या पायथ्याला. माझे आजोबा गुळव्या होते. काहिलीतल्या रसाचा पाक नुसत्या वासावर आणि बुडबुड्यांवर ओळखायचे. शाहू मार्केट यार्डात आमच्या ढेपांचा सौदा निघायचा तेव्हा मी त्यांच्या सायकलवर बसून जायचे. गुळाबद्दल मला किती माया आहे ते वेगळं सांगायला नको.

म्हणूनच सांगते, मधुमेहाच्या माणसाला गूळ चालतो हे खरं नाही. मी लहानपणापासून बघितलंय ते असं. उसाचा रस काहिलीत घालायचा, खाली चुलवाणात चिपाडाचा जाळ, वर येणारी मळी काढायची, भेंडीच्या चिकाचं पाणी घालून रस स्वच्छ करायचा आणि आटवत राहायचं. पाणी उडून जातं, उरते ती उसातली साखरच, थोडी खनिजं आणि रंग-वासासकट. साधारण दहा किलो उसामागे किलोभर गूळ पडतो. साखर कारखान्यात तोच रस अजून धुतला जातो, इतकाच फरक. चवीला गूळ कुठल्या कुठे पुढे, पण रक्तात गेल्यावर तो साखरच आहे.

माझ्या आजोबांनाही शेवटी मधुमेह झाला. त्यांनी गूळ सोडला नाही, कारण तो आपला आहे, आपल्या हातचा आहे, त्याने काय होणार, असं त्यांना मनापासून वाटायचं. पायाची जखम भरेना. पुढचं लिहीत नाही.

जवारी | २८ ऑक्टोबर, दुपारी १:४५

ताई, माफ करा. मला हे असं कुणी सांगितलंच नव्हतं. आमच्यात अजून आत्यास्नी गुळाचा चहा चालू हाय. आज फोन करतो.

आहारसंवाद | २८ ऑक्टोबर, संध्याकाळी ६:३०

मी आहारतज्ज्ञ म्हणून काम करते. ढेप यांनी जे सांगितलं त्याला आकड्यांची जोड देते. १०० ग्रॅम गुळात साधारण ३८० कॅलरी असतात, साखरेत ४०० च्या जवळ. लोहाचं प्रमाण गुळात साखरेपेक्षा जास्त असतं हे खरं, पण चहात पडणाऱ्या चमचाभर गुळातून ते नगण्य मिळतं.

जागतिक आरोग्य संघटनेने २०१५ मध्ये साखरेबद्दल मार्गदर्शक तत्त्वं दिली. त्यात वरून घातलेल्या साखरेबरोबर मध, पाक आणि फळांचा रससुद्धा मोजला आहे. अख्ख्या फळातली साखर मात्र त्यात धरलेली नाही. या सगळ्या 'मोकळ्या' साखरा मिळून रोजच्या एकूण ऊर्जेच्या १० टक्क्यांच्या आत असाव्यात, ५ टक्क्यांच्या आत आल्या तर उत्तम, असं ते म्हणतात. २,००० कॅलरींच्या हिशेबाने ५ टक्के म्हणजे २५ ग्रॅम, सहा चमचे.

वेलदोडा, तुमच्यासाठी यातली कामाची गोष्ट म्हणजे रस आणि फळ यांतला फरक. बाजारात सफरचंदाचा आटवलेला रस, खजुराचं सिरप असं 'नैसर्गिक गोडी' म्हणून मिळतं. ते घेऊ नका.

ढेप | २८ ऑक्टोबर, संध्याकाळी ७:०५

अगदी. ते सफरचंदाचं गुऱ्हाळच झालं की! चोथा फेकून रस आटवला म्हणजे गूळच झाला, मग तो उसाचा असो की खजुराचा. चोथा पोटात गेला पाहिजे.

वेलदोडा | २८ ऑक्टोबर, रात्री ८:५०

हे वाचून मला एक सुचलंय. रस वेगळा न काढता फळातलं पाणीच उडवलं तर? म्हणजे फोडी आधीच ओव्हनमध्ये सुकवायच्या, चोथ्यासकट. गोडी दाट होईल आणि खाली पाणीही साचणार नाही.

ओव्हनवाला | २८ ऑक्टोबर, रात्री ९:००

हेच करा. फोडी एका थरात पसरा, एकमेकींवर नकोत. चिमूटभर मीठ लावा, मिठाने रस लवकर सुटतो आणि गोडीही पुढे येते. २०० अंशांवर २० ते २५ मिनिटं, मध्ये एकदा उलटून. आधी आणि नंतर वजन करा.

चंदगडी | २९ ऑक्टोबर, सकाळी १०:२५

आमच्याकडची रताळी वापरून बघा. आमच्या भागात रताळ्याचं पीक मोठं. लहानपणी चुलीच्या राखेत रताळं पुरून ठेवायचो, तासाभराने काढलं की सालीला चिकट मधासारखं सुटलेलं असायचं. त्यात कुणी साखर घातलेली नसायची.

आहारसंवाद | २९ ऑक्टोबर, दुपारी १२:४०

चंदगडी, तुमचं निरीक्षण अचूक आहे. रताळ्यात एक विकर (एन्झाइम) असतं, ते रताळं हळूहळू तापत असताना त्यातल्या पिष्टाचं साखरेत रूपांतर करतं. राखेत ते सावकाश तापतं म्हणून उकडलेल्यापेक्षा इतकं गोड लागतं. पण त्याच कारणाने भाजलेलं रताळं रक्तातली साखर उकडलेल्यापेक्षा जास्त वेगाने वाढवतं. मुलांना अवश्य द्या. अण्णांच्या ताटात नको.

वेलदोडा | २९ ऑक्टोबर, रात्री ९:३०

आई म्हणतेय सीताफळ घाल, अण्णांचं आवडतं. आणि आमच्या मागच्या दारचा पेरू आतून गुलाबी आहे, तोही सध्या लागलाय. काय वाटतं?

चुलीपाशी | २९ ऑक्टोबर, रात्री १०:१०

सीताफळ अजिबात नको गं बाळ. ते तापलं की कडू होतं. बासुंदीतसुद्धा आपण दूध गार झाल्यावरच गर घालतो ना, ते याच्याचसाठी. अननस घालणार असशील तर तोही आधी शिजवून घे. कच्चा अननस दह्यादुधात पडला की तासाभरात कडवट होतो. चिकू चालेल, पण पूर्ण पिकलेला, नाहीतर तोंडाला मिठी बसते.

पेरू छान. बिया काढून टाक, भाजल्यावर दाताखाली फार येतात.

आणि तू ते वरचं पीठ पांढरट राहिलं म्हणालीस ना, त्यावर मला एक सांगायचंय. तू ते कच्चंच घातलंस. बेसनाचा लाडू आपण करतो तेव्हा पिठीसाखर पडते कधी? पीठ खमंग भाजून झाल्यावर. म्हणजे तो तांबूस रंग आणि वास वरून घातलेल्या साखरेचा नसतोच, पीठ भाजण्याचा असतो! तूही शाळूचं, म्हणजे रब्बी ज्वारीचं, पीठ घे, चमचाभर तुपावर मंद आचेवर भाज. दहा मिनिटं हात थांबवायचा नाही. वास सुटला की उतरव. ओट्स कोरडेच भाज. मग गार झाल्यावर लोणी चोळ. थोडं सुकं खोबरं किसून घाल, ते ओव्हनमध्ये आपोआप तांबूस होतं.

ओव्हनवाला | २९ ऑक्टोबर, रात्री १०:३०

काकू, बारा वर्षांत मला हे सुचलं नाही. रंगासाठी मी काय काय करून बघितलंय. आणि शाळूच्या पिठात गव्हासारखी ओढ नसते, त्यामुळे साखरेशिवायही वरचा थर भुसभुशीत राहील, चिवट होणार नाही. मीही रविवारी करतोय.

रंकाळाकाठ | ३० ऑक्टोबर, सकाळी ८:००

कृत्रिम गोडीचे एवढे प्रकार आहेत, त्यातला एखादा घातला तर काय बिघडतं? माझी आई रोज चहात गोळी घेते, डॉक्टरांना विचारूनच.

आहारसंवाद | ३० ऑक्टोबर, सकाळी ९:१५

डॉक्टरांना विचारून घेत असतील तर काळजीचं कारण नाही. २०२३ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने वजन आटोक्यात ठेवण्यासाठी ही गोडी वापरू नका असा सल्ला दिला, पण ज्यांना आधीच मधुमेह आहे त्यांना त्यातून वगळलं आहे. हे दुसरं वाक्य लोकांपर्यंत पोचत नाही आणि घरोघरी घबराट होते. भाजण्याच्या पदार्थात मात्र वेगळी अडचण आहे. अस्पार्टेमसारखी गोडी तापवल्यावर उतरते. आणि वेलदोडा यांनी चवीचं कारण आधीच दिलंय.

वेलदोडा | २ नोव्हेंबर, संध्याकाळी ७:२०

दुसरा प्रयत्न झाला. सविस्तर लिहिते.

कपिलतीर्थ मार्केटजवळून लाल सफरचंदं आणली. सालं ठेवली. फोडी ८०० ग्रॅम. पेरू बिया काढून ३०० ग्रॅम. मीठ लावून २०० अंशांवर २५ मिनिटं. अकराशे ग्रॅमचे बाहेर आले तेव्हा सातशे तीस उरले होते! चव घेतली आणि मी आईला हाक मारली. तेच सफरचंद, पण कुणीतरी त्यात काहीतरी घातलंय असं वाटावं इतकं गोड. पेरूचा वास तर सगळ्या जिन्यात गेला.

वरच्या थराला शाळूचं पीठ ६० ग्रॅम आणि ओट्स ८० ग्रॅम, दोन्ही भाजून. लोणी ६० ग्रॅम, सुकं खोबरं ३० ग्रॅम, शेंगदाण्याचं जाडसर कूट ४० ग्रॅम. १८० वर ३० मिनिटं. रंग सुरेख आला. वरचा थर खमंग झाला, पण गोड नव्हता. खालचं गोड, वरचं भाजणीसारखं, अशी दोन वेगळी खाणी एका ताटात आल्यासारखं वाटलं. अण्णांना अजून काही सांगितलेलं नाही, आईने आणि मी खाल्लं.

चुलीपाशी | २ नोव्हेंबर, संध्याकाळी ७:५०

वरच्या थरात खजूर घाल थोडा. भिजवू नकोस, पाण्याने थर मऊ पडेल. पाच मिनिटं वाफवून बारीक चिरून लोण्याबरोबरच चोळ. आणि जायफळ. वेलदोडा आणि जायफळाचा वास आला की आपल्या जिभेला गोडाचीच आठवण होते, इतकी वर्षं श्रीखंडात, पुरणात तोच वास घेतलाय ना.

जवारी | २ नोव्हेंबर, रात्री ८:१५

खजुरापेक्षा तासगावचं बेदाणं घाला की ताई.

वेलदोडा | २ नोव्हेंबर, रात्री ८:३०

आहारसंवाद, खजूर किंवा बेदाणे घातले तर ते 'साखर न घातलेलं'च राहतं का? मला अण्णांना खोटं सांगायचं नाहीये. मागच्या वेळी ते त्या दुकानाच्या पाटीवर नाही, माझ्या शब्दावर विसंबले होते.

आहारसंवाद | २ नोव्हेंबर, रात्री १०:४५

तुम्ही हा प्रश्न विचारलात याचं बरं वाटलं, कारण बहुतेक जण इथेच थांबतात. 'साखर घातलेली नाही' हे खरं राहील. 'यात साखर नाही' असं मात्र म्हणता येणार नाही. दोन्ही वाक्यं अण्णांना सांगा.

मी तुमच्या मापांचा अंदाजे हिशेब केला. सफरचंदात १०० ग्रॅममागे साधारण १०-११ ग्रॅम साखर, म्हणजे ८०० ग्रॅममध्ये ८५. पेरूत ९ च्या आसपास, म्हणजे २७. पाणी उडवलं तरी साखर तेवढीच राहते, वजन कमी होतं. त्यामुळे हिशेब कच्च्या वजनावरच करायचा, हे विसरू नका. बिया काढलेला खजूर ६० ग्रॅम घेतलात तर त्यात सुमारे ४० ग्रॅम. म्हणजे साखर झाली १५० च्या आसपास. ओट्स आणि शाळूच्या पिठाचे मिळून कर्बोदकं ९५ ग्रॅम. बारा वाटे केलेत तर एका वाट्यात २०-२१ ग्रॅम कर्बोदकं येतात. त्यात खजुराचा वाटा जेमतेम ३ ग्रॅमचा.

आता हे ताटात कसं बसवायचं? मध्यम भाकरीत ५०-६० ग्रॅम पीठ असतं, म्हणजे कर्बोदकं ३५ ते ४०. हा एक वाटा अर्ध्या भाकरीच्या बरोबरीचा झाला. त्या दिवशी अण्णांनी जेवणात अर्धी भाकरी कमी घ्यायची, आधी भाजी-आमटी-कोशिंबीर खायची आणि शेवटी हा एक वाटा. दोन नाहीत. त्यांच्या डॉक्टरांना आधी विचारा, औषधांप्रमाणे फरक पडतो. घरी ग्लुकोमीटर असेल तर जेवणाच्या पहिल्या घासापासून दोन तासांनी बघा.

बेदाणेही चालतील, त्यांच्यातही साखर खजुराइतकीच आहे. पण ते अख्खे राहतात आणि एका घासात दोन-तीन आले की तेवढाच घास गोड लागतो. खजूर सगळीकडे पसरतो, म्हणून कमी लागतो.

भट्टीशेजारी | ३ नोव्हेंबर, सकाळी ११:००

पंच्याहत्तरीला माणसं किती येणार? २८ लिटरच्या ओटीजीत एका वेळी एकच ट्रे बसेल.

वेलदोडा | ३ नोव्हेंबर, सकाळी ११:२०

घरचेच, तरी चाळीसजण. हा प्रश्न मला रात्री झोपू देत नाहीये.

भट्टीशेजारी | ३ नोव्हेंबर, सकाळी ११:४५

मग भट्टीत द्या. दिवाळीला आपण नानकटाईचं पीठ-तूप घेऊन जायचो आणि ते आपल्यासमोर मळून, भाजून द्यायचे, तसंच. माझ्या घराशेजारी लक्ष्मीपुरीत जुनी लाकडाची भट्टी आहे. पहाटे पाव-खारी निघते, दुपारी भट्टी तापलेलीच असते पण आच उतरत जाते. तुमच्या पदार्थाला तीच आच हवी. मी मालकांशी बोललो. त्यांचं पहिलं वाक्य होतं, "साखर नाही? मग रंग नाही यायचा." मी त्यांना पीठ आधी भाजून घेतल्याचं सांगितलं तर म्हणाले, आणा, बघू.

ज्यांच्याकडे ओव्हनच नाही त्यांच्यासाठी सांगतो. कुकरमध्ये मीठ पसरून, रिंग आणि शिट्टी काढून हे भाजता येतं, पण वाफ वरच कोंडते आणि थर ओलसर राहतो. आमची आजी रव्याचा केक कढईतल्या तापल्या वाळूवर ठेवायची आणि वर परातीत निखारे. वरून आच मिळाली तरच वरचं भाजतं.

रंकाळाकाठ | ३ नोव्हेंबर, दुपारी १२:१०

गच्चीत शेगडी असेल त्याने हे करून बघावं. माझ्याकडे आहे, मी करणार.

वेलदोडा | ९ नोव्हेंबर, रात्री ९:००

तिसरा प्रयत्न, ओटीजीत. खजूर ६० ग्रॅम, वाफवून लोण्यात चोळला. जायफळ, वेलदोडा, दालचिनी अर्धाच चमचा. फोडींवरचा लिंबाचा रस पूर्ण काढला. वरचा थर आता खालच्या फळाशी बोलतोय. खजुरामुळे कडाही किंचित कडक झाल्या, जी गोष्ट साखरेशिवाय होणार नाही असं मला वाटत होतं.

एक लक्षात आलं. गरम असताना जितकं गोड लागतं तितकं फ्रिजमधून काढल्यावर लागत नाही. दुसऱ्या दिवशी मी गार खाल्लं आणि घाबरले की काहीतरी चुकलं. मग वाटी तव्यावर ठेवून कोमट केली आणि चव परत आली.

ओव्हनवाला | ९ नोव्हेंबर, रात्री ९:२०

हो, जिभेला गार पदार्थाची गोडी कमी कळते, म्हणून आइस्क्रीममध्ये साखर इतकी घालावी लागते. कोमटच वाढा. आणि जास्त दिवस ठेवू नका. साखर टिकवण्याचंही काम करते, इथे ती नाही. फ्रिजमध्ये दोन दिवस, बस्स.

माझा रविवारचा प्रयोग फसला, सांगायचं राहिलं. मी पपई घेतली. भाजल्यावर तिला उग्र वास आला, घरात कुणी दुसरा घास घेतला नाही. पपई नको.

ढेप | १० नोव्हेंबर, सकाळी ८:४०

सोबत काय देणार?

वेलदोडा | १० नोव्हेंबर, सकाळी ९:०५

डेअरीतून चक्का आणून वेलदोडा घालून नुसता फेटणार. साखर घातली नाही तर श्रीखंड व्हायच्या आधीची जी चव असते ना, थोडी आंबूस, तीच या गोड फळावर छान लागते. आई लहानपणी आम्हाला पुरणयंत्रातून चक्का फिरवताना चाटायला द्यायची, ती चव.

वेलदोडा | १७ नोव्हेंबर, दुपारी ३:३०

काल झालं. सगळ्यांना सांगितल्याशिवाय राहवत नाही.

दुपारी एकला मी, भाऊ आणि भट्टीशेजारी काका चार ट्रे घेऊन भट्टीवर गेलो. फळं आदल्या रात्री घरी भाजून घेतली होती, चार वेळा ओटीजी लावून, रात्री दीडपर्यंत. वरचा थर तिथेच पसरला. मालकांनी हात भट्टीच्या तोंडाशी धरून आच बघितली, "अजून दहा मिनिटं थांबा" म्हणाले, आणि मग लांब दांड्याच्या फळीवरून ट्रे आत सरकवले. पन्नास मिनिटं लागली. ओटीजीपेक्षा रंग खोल आला, लाकडाच्या धुराचा अगदी हलका वासही लागला. मालकांनी एक चमचा चाखून बघितला, मग अजून एक. पैसे घेताना म्हणाले, पुढच्या वेळी पीठ भाजायला आमच्याच भट्टीत आणा.

संध्याकाळी मी अण्णांना आधीच सगळं सांगितलं. यात साखर घातलेली नाही, पण फळांची आणि खजुराची साखर आहे, आणि तुमच्या ताटात अर्धी भाकरी कमी आहे ती याच्यासाठी. डॉक्टरांना विचारलंय. अण्णा म्हणाले, "म्हणजे हिशेब चुकता आहे." ते शाळेत गणित शिकवायचे.

ट्रे कापायची वेळ आली. सुरी त्यांच्याच हातात दिली. त्यांनी कापलं, टाळ्या झाल्या, आणि माझं सगळं लक्ष जिन्याकडे. ते उठले नाहीत. वाटी घेऊन नातवंडांच्या मध्ये जमिनीवर मांडी घालून बसले आणि सावकाश खाल्लं. आई स्वयंपाकघराच्या दारात उभी होती, ती आत निघून गेली.

जेवणाआधी साखर १२१ होती, दोन तासांनी १६४. एका दिवसाच्या आकड्यावरून काही ठरत नाही हे मला कळतं, आहारसंवाद, तरी इथे लिहून ठेवते. आज सकाळी उपाशीपोटी ११८.

आहारसंवाद | १७ नोव्हेंबर, दुपारी ४:१०

आकडे चांगले आहेत. आणि तुम्ही त्यांना आधी सांगितलंत हे त्याहून चांगलं केलंत. हे महिन्यातून एखाद्या वेळी असू द्या, रोजचं नको.

जवारी | १७ नोव्हेंबर, संध्याकाळी ५:००

ताई, डोळ्यात पाणी आलं. अण्णास्नी माझा नमस्कार सांगा. आत्यास्नी बिनगुळाचा चहा चालू केलाय, रोज भांडत्यात पण पितात. त्यास्नी हे करून न्यायचं म्हणतोय. पेरू आमच्या शेतात आहेत. सफरचंद न घालता नुसत्या पेरूचं जमेल का?

वेलदोडा | १७ नोव्हेंबर, संध्याकाळी ५:२०

जमेल दादा, पण पेरूला सफरचंदाइतका रस नसतो, म्हणून २५ ऐवजी १५ मिनिटंच भाजा, नाहीतर फोडी चामट होतात. पूर्ण पिकलेलेच घ्या आणि बिया नक्की काढा, आत्यांच्या दातांसाठी. आणि ट्रेच्या कोपऱ्यात जी तांबूस खरवड चिकटून राहते ती फेकू नका. काल रात्री सगळे गेल्यावर अण्णांनी रिकामा ट्रे मागून घेतला आणि चमच्याने ती खरवडत बसले होते.

चुलीपाशी | १७ नोव्हेंबर, संध्याकाळी ६:०५

तेवढी खरवड हिशेबात धरलीस ना गं?

वेलदोडा | १७ नोव्हेंबर, संध्याकाळी ६:१०

धरली काकू. त्यांनीच धरली. आज सकाळी नाश्त्याला एक भाकरीचा तुकडा कमी घेतला आणि मला बोट दाखवून सांगितलं, "हा कालच्या कोपऱ्याचा."